आधी काय, मग काय

आमच्या गावात पोरगी बारावी झाली की लोक तिला विचारतात, नर्सिंग का पोलीस भरती? आणि तिच्या बापाला विचारतात, स्थळं बघताय का? माझ्या नातीनं सांगितलं की ती इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा कोर्स करणार, तेव्हा पारावरच्या मंडळींच्या तोंडात ते नावच बसेना. एकजण म्हणला, "टेक्निशियन म्हंजे मोटारी भरती का काय?" दुसऱ्यानं त्याला समजावलं, "नाही रे, ॲम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरशेजारी बसायचं असतं." एवढ्यावर तो विषय मिटला.

मलाही त्याहून फार कळत होतं असं नाही. आपल्याला ठाऊक फक्त 108 नंबर. हा नंबर पहिल्यांदा 15 ऑगस्ट 2005 ला हैदराबादेत सुरू झाला. आपल्या महाराष्ट्रात तो 2014 साली आला, 937 गाड्या घेऊन. त्यातल्या 233 गाड्या श्वासाच्या यंत्रासकट सगळा सरंजाम असलेल्या आणि 704 त्याहून साध्या. आपल्याकडच्या या गाडीत डॉक्टर असतो. पण डॉक्टर किती ठिकाणी पुरणार? खाजगी ॲम्ब्युलन्स आहेत, मोठ्या दवाखान्यांचे अपघात विभाग आहेत, वाळूज-शेंद्र्याचे कारखाने आहेत. डॉक्टरच्या हाती पडेपर्यंत माणूस जिवंत ठेवायचा, हे काम शिकलेलं कुणीतरी लागतं. त्याला पॅरामेडिक म्हणतात. 2021 साली संसदेनं आरोग्यातल्या अशा कामांसाठी कायदा केला, त्या यादीत या कामाचंही नाव आलं. एवढी माहिती मला पोरीनं दिली. बाकीची तिच्या परीक्षेनं दिली.

ती संभाजीनगरला शिकत होती. आमच्या तोंडात अजून औरंगाबादच येतं, पण पोरं आता नवं नाव सहज घेतात. परीक्षेला तीन आठवडे राहिले तेव्हा ती पुस्तकांचं ओझं घेऊन घरी आली. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. दिवसा ती आमच्याबरोबर वेचायला यायची आणि संध्याकाळी ओसरीवर अभ्यासाला बसायची. तिनं जाड कागदाचे तुकडे कापले होते. एका बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर, सगळं इंग्रजीत. ते घेऊन तिला प्रश्न विचारायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात संध्याकाळी रिकामा मीच.

मी 1977 चा दहावी पास. इंग्रजी वाचता येतं, पण नवा गोऱ्हा नांगराला जुपल्यावर जसा दर तासाला थांबतो, तसा मी दर शब्दाला थांबतो. पोरीचं इंग्रजीही काही शहरातल्या पोरांसारखं नव्हतं. तिला उत्तर यायचं, पण इंग्रजीतून बाहेर काढताना जीभ अडायची. तोंडी परीक्षेची तिला खरी धास्ती होती. म्हणून आम्ही एक ठरवलं. आधी मराठीत समजून घ्यायचं, मग इंग्रजीत पाठ करायचं. त्यासाठी मी शाळेची दोनशे पानी वही आणली आणि उजव्या पानावर तिचं इंग्रजी, डाव्या पानावर माझं मराठी असं लिहीत गेलो.

पहिल्याच दिवशी शॉक या शब्दापाशी आम्ही अडलो. आमच्याकडं शॉक दोनच. एक मोटारीच्या पेटीचा आणि दुसरा कुणी गेल्याची बातमी ऐकून बसतो तो. तिच्या पुस्तकातला शॉक वेगळाच निघाला. अंगातलं रक्त कमी झालं किंवा ते फिरायचं मंदावलं आणि मेंदू-काळजाला पुरेनासं झालं, म्हणजे शॉक. त्याची खूण काय? अंग गार, घामानं ओलं, नाडी बारीक आणि पळती, जीव घाबरा, आणि तहान. माणूस पाणी, पाणी करतो. आणि पुस्तक सांगतं, पाणी द्यायचं नाही. बेशुद्ध होत चाललेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासाच्या नळीत जातं. शिवाय पुढं ऑपरेशन करायचं झालं तर पोट रिकामं लागतं.

मी म्हणलं, "पोरी, हे तू आमच्या गावात कुणाला सांगणार?" आपल्याकडं माणूस पडला की पहिलं धावतं ते पाण्याचा तांब्या घेऊनच. पाण्याला नाही म्हणणारा कसाई ठरतो. आणि जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालणं हे तर शेवटचं कर्तव्य. पाण्यावाचून गेला, हा बोल पिढ्यान् पिढ्या ऐकावा लागतो. पोरगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आबा, तुम्ही जाणाऱ्याचं सांगताय. मला तो जाऊ द्यायचा नाही. माझं पुस्तक तिथून सुरू होतं." मी वहीत लिहिलं: पाणी नाही. ओठ ओले करून पाहिजे तेवढा धीर द्या.

मग मला त्या अभ्यासाची गोम कळायला लागली. औषधांची नावं त्यात थोडी आणि क्रम फार. प्रत्येक प्रश्नाच्या तळाशी एकच गोष्ट विचारलेली असायची: आधी काय, मग काय. इंग्रजीत ते ए, बी, सी म्हणतात. ए म्हणजे श्वासाची वाट मोकळी आहे का, बी म्हणजे श्वास चालतो का, सी म्हणजे रक्त फिरतं का. मी तिला मराठीत जोडून दिलं: वाट, वारा, वाहणं. पाटाला पाणी सोडताना आपण असंच बघतो, आधी चारी मोकळी आहे का, मग मोटार, मग शेवटच्या सऱ्यापर्यंत ओल पोचली का. तिला ते लगेच बसलं. पण क्रमालाही अपवाद असतात, ते तिनं मला शिकवलं. रक्ताची धार लागली असेल तर आधी ती दाबून धरायची. काळीजच बंद पडलं असेल तर आधी छाती दाबायला घ्यायची, श्वास नंतर.

ए, बी, सीच्याही आधी एक पायरी आहे. आपण जिथं पाय टाकतोय ती जागा धोक्याची नाही ना? तार पडली आहे का, डिझेल सांडलंय का, मागून गाडी येते का? स्वतः पडलो तर एकाचे दोन रुग्ण होतात. हे वाचल्यावर मला विहिरी आठवल्या. आमच्या तालुक्यात जुन्या विहिरीतला गाळ काढायला उतरलेल्या माणसाचा जीव गुदमरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. तिघंही सख्खे असतात. माणुसकी त्यांच्यात उदंड होती. त्यांना कुणी क्रम सांगितला नव्हता.

छाती दाबायची रीत तिला हातानं पक्की करायची होती. प्रात्यक्षिकाला मार्क होते. संस्थेत त्यासाठी रबराचा माणूस असतो, घरी तो कुठून आणणार? मी म्हणलं, माझ्यावर कर. ती दचकलीच. धडधडत्या काळजावर हे कधीच करून बघायचं नसतं म्हणे, बरगडी मोडते. शेवटी सरकीचं पोतं घेतलं. त्यावर गेरूनं छाती काढली. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, कोपर ताठ, खांदे बरोबर वर. दर वेळी 5 सेंटिमीटर खाली, 6 च्या पुढं नाही, आणि दाबून झालं की हात पूर्ण सैल, छाती परत वर येऊ द्यायची. मिनिटाला 100 ते 120. असं 30 वेळा, मग दोन श्वास, परत 30.

इथं एक मजेची अडचण आली. ती मोठ्यानं मोजत दाबायची. दहापर्यंत लय बरोबर. पुढं सतरा, अठरा आलं की हात जड व्हायचा आणि एकोणतीसला तर पार रेंगाळायचा. एवढा लांब शब्द म्हणेपर्यंत दाब चुकायचा. मी तीस वर्षं भजनात पखवाजाला बसतो. मला ते ऐकूनच कळलं. मी म्हणलं, वीस-तीस म्हणूच नको. एक ते दहा तीनदा म्हण. मग भजनाची दुगण चाललेली असते तशा चालीत मी मांडीवर ठेका धरला आणि तिच्या बापानं मोबाईलमध्ये सेकंद धरले. 30 दाब 15 ते 18 सेकंदांत बसले पाहिजेत. पहिल्या दिवशी 22 लागले, दुसऱ्या दिवशी 13, कारण घाई झाली. चौथ्या दिवशी ती 17 वर आली आणि तिथंच थांबली. दोन मिनिटं दाबलं की ती घामानं निथळायची. पुस्तक म्हणतं, दोन मिनिटांनी माणूस बदला, थकलेल्या हाताचा दाब खोल जात नाही. औत हाकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मानेला मार लागलेल्या माणसाला कूस कशी द्यायची याची तालीम मात्र माझ्यावरच झाली. आमच्याकडं मोटारसायकलवरून पडलेल्याला चौघं हातापायाला धरतात आणि जीपमध्ये घालतात. मान लटकत असते. मणका मोडला असेल तर त्या उचलण्यातच माणूस जन्माचा अधू होतो. म्हणून चौघांनी मिळून लाकडाच्या ओंडक्यासारखं एका दमात वळवायचं, डोकं, खांदे, कंबर, पाय एका रेषेत. डोक्याशी बसलेल्याचा हुकूम चालतो. तो म्हणेल तेव्हाच बाकीच्यांनी हलवायचं. मी अंगणात उताणा. नात कमरेशी, तिचा बाप खांद्याशी, शेजारचं पोरगं पायाशी, आणि डोक्याशी आमची मालकीण. तिला सांगितलं, तू एक-दोन-तीन म्हण. ती एक म्हणली, दोन म्हणली आणि मग म्हणली, "थांबा गं बाई, यांच्या मानेखाली खडा हाये." सगळे हसून लोळले. नात मात्र हसली नाही. म्हणाली, "आजी, तू बरोबर केलं. डोक्याशी बसलेल्यानं असंच बघायचं असतं. खडा दिसला की थांबवायचं." त्या दिवसापासून आजी रोज तालमीला हजर.

असे बारा-तेरा दिवस गेले. मग एका रात्री मी कार्ड उचललं आणि वाचलं. रुग्णाचा श्वास थांबला आहे, नाडी लागते आहे. काय कराल?

मला पुढचं वाचवेना. 1988 चा पावसाळा माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. माझ्या बरोबरीचा एक गडी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, रात्री बाजरीच्या राखणीवरून येऊन खाली घोंगडीवर निजला. पहाटे पोटात कळ म्हणून उठला. अंगावर कुठं चावल्याची खूण नाही, सूज नाही, आग नाही. उजाडता उजाडता त्याच्या पापण्या खाली यायला लागल्या. बोलणं जड झालं. कुणी कडुलिंबाचा पाला चघळायला दिला, कुणी मिरची. तो कडू-तिखट बरोबर सांगत होता, म्हणून मंडळी म्हणली पान लागलेलं नाही. शेवटी जीप मिळाली. वैजापूर 22 किलोमीटर, रस्ता खडीचा, ओढ्याला पाणी. मी त्याच्या पायाशी. डोक्याशी गावातले एक जुने जाणते, ते मनगट धरून होते. वाटेत त्याची छाती हलायची थांबली. ते म्हणत राहिले, "नाडी हाये, अजून नाडी हाये, गाडी दामट." नाडी होती. बराच वेळ होती. मग नव्हती.

मी कार्ड उलटं केलं. मागं लिहिलं होतं: दर 6 सेकंदांनी एक श्वास द्या, दवाखाना येईपर्यंत.

पोरीला मी ती हकीकत सांगितली. तिनं पुस्तकातलं पान काढून वाचून दाखवलं. ती मण्यार होती. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सुजत नाही. तिचं विष नसांवर चालतं. आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थांबतात. काळीज चालूच असतं. तेवढ्या वाटेत कुणी त्याच्यासाठी श्वास घेतला असता आणि दवाखान्यात प्रतिविष मिळालं असतं, तर असा माणूस उठून घरी येऊ शकतो. जीपमध्ये आम्ही सहाजण होतो. सहाजणांना श्वास होता. कुणाला ठाऊकच नव्हतं की तो दुसऱ्याला देता येतो.

साप हा आपल्याकडं छोटा विषय नाही. देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं बारा लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक खेड्यातली, बहुतेक शेतात राबणारी. आपल्याकडचे मुख्य विषारी चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. दवाखान्यातलं प्रतिविष या चारींवर चालतं, म्हणून साप मारून न्यायची गरज नाही. ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळून बांधायचं नाही. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, चालवायचं नाही आणि वेळ घालवायचा नाही. रात्रीची लाईट म्हणून आम्ही रात्रीच पाणी भरतो आणि तिथंच साप असतो, हे पुस्तकात नव्हतं. ते मी तिला सांगितलं.

विंचवाचंही तसंच. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर कोकणात महाडला गेले आणि विंचूदंशावर प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं औषध चालतं हे त्यांनी दाखवून दिलं. तिकडं लाल विंचू चावून माणसं पटापट दगावायची. ते प्रमाण कुठल्या कुठं खाली आलं. 2022 ला त्यांना पद्मश्री मिळाली. देहेड म्हणजे आमच्याच मुलखातलं गाव. त्यांचं आत्मचरित्र मी वाचलेलं होतं. पोरीला म्हणलं, इंग्रजीची भीती त्यांनाही वाटली असंल, पण अडलं काही नाही.

शेवटच्या आठवड्यात ट्रायेज आलं. शब्द फ्रेंच, अर्थ निवडणं. एकाच वेळी पुष्कळ माणसं जखमी झाली तर आधी कुणाकडं जायचं? चार रंगांच्या पट्ट्या. चालता येतं तो हिरवा. थांबू शकतो तो पिवळा. लगेच उपचार नाही तर जाईल तो लाल. आणि काळा. रंग लक्षात ठेवायला मला वेळ लागला नाही, कारण फवारणीच्या डब्यावर त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण निवड करायची रीत उलटी. कांदा निवडताना आपण चांगला माल आधी उचलतो. इथं सगळ्यात बिघडलेला आधी. जो मोठ्यानं ओरडतो तो बहुधा थांबू शकतो, कारण ओरडायला श्वास लागतो. गप्प पडलेल्याकडं आधी जायचं.

हे काही आमच्यापासून लांबचं नव्हतं. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. 15 ऑक्टोबर 2023 ला मध्यरात्रीनंतर वैजापूर तालुक्यातच मिनीबस कंटेनरवर मागून आदळली. सैलानीबाबांचं दर्शन घेऊन नाशिककडं परतणारी माणसं. 12 गेले, 23 जखमी झाले. अशा रात्री अंधारात उतरून कुणाला आधी हात लावायचा हे ठरवायला सेकंद मिळतात. पोरगी सांगत होती: श्वास नसला तर मान जरा मागं करून वाट मोकळी करायची, एकदा बघायचं. तरी श्वास नाही आला तर काळी पट्टी लावायची आणि पुढच्याकडं जायचं.

आजी वाती वळत ऐकत होती. तिनं विचारलं, "आन् ते लेकरू असलं तर?"

लेकरांसाठी नियम जरा वेगळा आहे, आधी काही श्वास देऊन बघतात, हे पोरीनं सांगितलं. आजीनं परत विचारलं, "तरी नाही आला तर?" पोरीनं कार्डं गोळा केली आणि रबर लावून ठेवून दिली. त्या रात्री पुढं अभ्यास झाला नाही.

मदत करायला लोक पोलिसांच्या भीतीनं पुढं येत नाहीत, तेही तिला प्रश्नात होतं. 2019 च्या मोटार कायद्याच्या दुरुस्तीनं अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही. मी हे पारावर वाचून दाखवलं. एकजण म्हणला, "कागदावर हाये, ते त्या ठाण्यातल्याला ठाऊक पाहिजे ना." त्याचं म्हणणं मी काढून टाकलं नाही. पण निदान आपल्याला तरी ठाऊक पाहिजे, एवढं मी बोललो.

परीक्षेच्या दिवशी तिला सोडायला मी संभाजीनगरला गेलो. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग तोंडी. मी बाहेर कडुलिंबाखाली बसून होतो. तिथं माझ्यासारखी अजून पाच-सहा माणसं होती. कुणी सिल्लोडकडचा, कुणी पैठणचा. सगळ्यांची पोरं आत. एकाचा मुलगा आधी नापास झालेला, परत बसला होता. तो बाप मला म्हणला, "पोराला सगळं येतं हो, पण विचारणारा इंग्रजीत विचारतो आन् पोरगं मराठीत घाबरतं." आम्ही सगळे हसलो, पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही.

पोरगी संध्याकाळी बाहेर आली. तोंडीला विचारलं होतं, रस्त्यात मोटारसायकलवाला पडलाय, तू पहिली पोचलीस, पहिलं काय करशील? तिच्या आधीच्या पोरानं सांगितलं, उचलीन. तिनं सांगितलं, आधी मी उभी राहीन आणि बघीन. तिला इंग्रजी वाक्य पुरं जमलं नाही, तर तिनं निम्मं हिंदीत सांगितलं. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचं विचारलं, नाडी आहे, श्वास नाही. ती म्हणाली, "आबा, मी तुमच्या जीपमध्येच बसल्यागत उत्तर दिलं."

ती पास झाली. आता एका दवाखान्याच्या अपघात विभागात रात्रपाळीला असते. पगार थोडा आहे, स्थळं बघणाऱ्यांना रात्रपाळी रुचत नाही, तो घोळ चालू आहे. त्यावर ती म्हणते, बघू. मीही म्हणतो, बघू.

वही मात्र माझ्याकडं राहिली. डावी पानं मराठी असल्यानं ती मागायला लोक येऊ लागले. शाळेच्या मास्तरांनी दोन पानं फळ्यावर उतरवून घेतली. भजनाच्या आधी अर्धा तास पोतं ठेवून पाच-सहा पोरं हात बसवतात, मी ठेका धरतो.

गेल्या पावसाळ्यात कपाशीवर फवारताना एक सालगडी बांधावर बसला. घाम, तोंडाला फेस, हात थरथरतात, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी. पूर्वी आम्ही मिठाचं पाणी पाजून ओकवलं असतं. 2017 साली यवतमाळकडं फवारणीनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, ते सगळ्यांच्या ध्यानात होतं. नात गावात नव्हती. आजूबाजूच्या पोरांनी आधी स्वतःच्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. मग त्याचे कपडे काढले, साबणानं अंग धुतलं, कुशीवर झोपवला, पाणी पाजलं नाही. एकानं 108 लावला, एकानं औषधाचा डबा बरोबर घेतला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते डब्याचं नाव. आठव्या दिवशी तो गडी परत आला, जरा ओढलेला, पण आपल्या पायानं.

माझ्या भागात मदतीला धावणारे हात कधीच कमी नव्हते. कुणी पडला की चाळीस हात पुढं येतात, आणि चाळीस हात एकदम पुढं आले की पडलेल्याला वारा लागत नाही. त्या हातांना क्रम पाहिजे होता. तो एका पोरीच्या परीक्षेच्या निमित्तानं आमच्या ओसरीवर आला. अशी परीक्षा प्रत्येक गावातल्या दोघा-चौघांनी तरी द्यावी, आणि ती आपल्या भाषेत देता यावी.

वहीचं पहिलं पान आता सुटं झालंय, हाताळून तेलकट झालंय. त्यावर माझ्या अक्षरात एवढंच आहे: उभे राहा. बघा. मोठ्यानं हाक मारा. एकानं 108 लावा. वाट, वारा, वाहणं. पाणी नाही. त्याखाली पोरीनं नंतर लाल पेनानं भर घातली आहे: बाकीच्यांनी मागं सरा.